काकडी खाणारा टायगर

नेरुळ
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय भगवान,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड परवा मिळालं. पत्ता हुबळीचा, शिक्का गदगचा आणि आत दोनच ओळी. 'मी बरा आहे. टायगरला बघ.' वर्षभरानं लिहिलंस आणि आठवण काढलीस ती कुत्र्याची! आधी हसू आलं, मग जरा रडले. ते जाऊ दे. निदान पत्र टाकायला पत्ता मिळाला. ऑक्टोबरात तुला तार केली होती, ती परत आली. तुमची बोअरवेल खोदायची गाडी पुढच्या गावाला गेली, असं कोणीतरी वर लिहिलं होतं.

तार मायसाठी होती. घाबरू नको, माय आहे. मागच्या अंगणात मिरच्यांना पाणी घालताना पडली. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला. महिनाभर हॉस्पिटलात होतो. पाय आता बराच आलाय, भिंत धरून चालते. हाताची मूठ अर्धी वळते. पण वाचा गेली रे. तिला सगळं कळतं. मी चहात साखर कमी घातली तरी डोळे वटारते. पण तोंड उघडलं की नुसतं 'अं अं'. ज्या बाईनं नळावरून हाक मारली की शेजारच्या शिरवणे गावापर्यंत ऐकू जायची, तिचं हे असं.

मी एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे फोन जोडते. कानात सगळ्या मुंबईचे आवाज. घरी आले की शांतता.

ड्यूटीच्या वेळी मायपाशी गोजरा मावशी बसते. शिरवण्याची, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन यायची ती. मायशी भावावरून रोज भांडायची. माय पडल्याचं कळल्यावर टोपली आमच्याच दारात उतरवून बसली ती बसलीच. अंगणातल्या मायच्या भाज्याही तीच सांभाळते.

आणि तुझा टायगर. तू गेल्यावर मायनं काय केलं ते तुला माहीत नसेल. एका टेम्पोवाल्याकरवी तिनं त्याला उरण फाट्याच्या पलीकडे सोडायला लावलं. 'ज्याचा कुत्रा तो गेला, आता हे बी नको,' म्हणाली. आठवड्यानं तो परत आला, मिठागराचा चिखल पोटापर्यंत वाळलेला. मायनं त्याला पुन्हा हाकललं नाही, पण त्याच्यापुढे भाकरीही टाकली नाही. मीच घालायचे.

तिचा राग कुत्र्यावर नव्हता, हे तुलाही कळतं. बा गेल्यावर तिनं तुर्भ्याच्या केमिकल कंपनीच्या गेटवर उभं राहून राहून तुला त्याच्या जागी लावलं. आणि तू ती जागा सोडून जमिनीला भोकं पाडणाऱ्या गाडीवर निघालास. 'बापाची जागा लाथाडली यानं, मला लेक नाही आता,' असं सगळ्या आळीसमोर म्हणाली. तू का सोडलीस ते मला माहीत आहे. बाचा तो खोकला तुला लागला होता. मायला सांगू नको म्हणालास, म्हणून अजून सांगितलेलं नाही. आता खोकला कसा आहे? ते तर तू लिहिलंच नाहीस.

टायगर ठीक आहे. मात्र अंगणातलं सगळं खातो. मटण मिळत नाही म्हणून म्हणावं, तर तसंही नाही. हाड टाकलं तरी आधी टोमॅटोकडे जातो, तेही पिकलेले बघून.

कार्डावर आणखी चार ओळी मावतात, एवढं लक्षात ठेव.

तुझी ताई,
सुचित्रा

*

नेरुळ
६ मे १९८४

प्रिय भगवान,

आज तुझ्या पाया पडावंसं वाटतंय, धाकटा असलास तरी. आधी नीट बस, मग वाच.

गेल्या मंगळवारी मी ड्यूटीवरून आले तर गोजरा मावशी कोपऱ्यावरच धावत पुढं आली. पदर खाली लोळतोय, हातात विळी तशीच.

"गो सुचित्रा, तुजी आय बोलली! कुतऱ्याला हाड बोलली!"

झालं असं. मायची बाज सकाळी वेलाच्या मांडवाजवळ सावलीत टाकतो. वेलाला पहिल्याच काकड्या लागल्यात. माय त्या रोज डोळ्यांनी मोजते. टायगर आला आणि त्यानं सगळ्यांत मोठी काकडी वेलावरच धरून कुडुम करून अर्धी तोडली. उरलेली अर्धी तशीच लोंबत ठेवली. मायच्या समोर उभं राहून, मान वाकडी करून, डोळे मिटून चावायला लागला. गोजरा मावशी म्हणते, मायचा चेहरा आधी लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि तोंडातून एकदम स्वच्छ निघालं, "हाड!"

टायगर हलला नाही. त्यानं उरलेल्या अर्ध्या काकडीला तोंड घातलं.

"हाड मुडद्या!" माय ओरडली.

सात महिन्यांनी! मी घरात शिरले तेव्हा माय बाजेवर बसून रडत होती आणि हसत होती, दोन्ही. मी विचारलं, "माय, काय म्हणालीस? पुन्हा म्हण." तिनं खूप प्रयत्न केला, पण 'अं'च येत राहिलं. तेवढ्यात टायगर मिरचीच्या वाफ्यातून गेला आणि ती ओरडली, "मुडद्या!"

डॉक्टरांना सांगितलं तर ते मनापासून हसले. म्हणाले, असं होतं. ठरवून बोलायचे शब्द अडकतात, रागाचे आपोआप सुटतात. शिव्या आधी येतात, बाकीचं मागून येईल. बोलतं ठेवा.

म्हणून आता आमच्या घरी रोज सकाळी कार्यक्रम असतो. मावशी मायला बाजेवर बसवते आणि टायगरची दोरी सोडते. तो अंगणात शिरतो, मांडवाखालून एक फेरी मारतो, नाकानं काकड्या हलवून बघतो. माय सुरू होते. हाड, मुडद्या, मेल्या, चोरा, काकडी. हो, 'काकडी' आला! चौथ्या दिवशी. काल 'टमाटा' आणि 'वांगं' आलं. वांगं तो खात नाही, नुसतं हुंगतो, तरी तिनं सांगून टाकलं.

शब्द अजून घसरतात. मला 'गवार' म्हणते. मावशीला 'चोरा' म्हणाली तेव्हा मावशी दोन मिनिटं रुसली. मग म्हणाली, "बोल गो बाय, काय पन बोल, पन बोल."

मी मावशीला सांगितलंय, आणखी काकडी लाव. मायसाठी नाही, टायगरसाठी. तिच्या आवाजासाठी.

हा कुत्रा तू कंपनीच्या गेटवरून शर्टात घालून आणलास, तेव्हा मी तुला काय काय बोलले होते! भगवान, त्याला आणलंस, बरं केलंस. त्याला घेऊन गेला नाहीस, हे तर फारच बरं केलंस.

तुझी,
ताई

ता. क. पुण्याहून मला बघायला पाहुणे आले आणि गेले. आई कोण सांभाळणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. चहा पिऊन उठले. मला वाईट वाटलेलं नाही.

*

नेरुळ
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय भगवान,

तुझी तीन कार्डं आली. ओळी वाढल्यात. पण 'मायला बरं वाटतंय तर मी कशाला येऊन तिचा राग चढवू,' हे जे लिहिलंस ते मला पटलं नाही. वाद घालत नाही. तुझं तू बघ.

माय आता दोन-तीन शब्द जोडते. 'पाणी दे.' 'पंखा नको.' 'गवार आली,' म्हणजे मी आले. चुकलं की स्वतःवरच चिडते आणि हातातली वस्तू आपटते. तुझं नाव तिनं अजून काढलेलं नाही. तुझी कार्डं मी मोठ्यानं वाचते. ती टायगरकडे बघत ऐकते.

टायगरची बातमी अशी की प्रकरण आता शेजारी पोचलंय. शेजारच्या घरात रावसाहेब राहतात. तू गेल्यानंतर आले, साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, एकटेच असतात. त्यांची पुढची बाग बघत राहावी अशी आहे. शेवंती, झेंडू, कडेनं कापलेली हिरवळ. आपल्या आणि त्यांच्या अंगणात नुसती तारेची जाळी, आणि टायगरनं तिच्याखाली खड्डा केला.

आधी त्यानं त्यांची हिरवळ खाल्ली. ती खाऊन त्यांच्याच पायरीवर ओकला. मी पायरी धुऊन दिली, माफी मागितली. मग दसऱ्याच्या दिवशी त्यानं त्यांच्या दाराचं झेंडूचं तोरण खालून जेवढं पोचलं तेवढं खाल्लं. रावसाहेब जाळीशी आले. ते आमच्याशी एरवी जेवढ्यास तेवढंच बोलतात. आल्यापासून आमचा उंबरा ओलांडलेला नाही, का ते विचारायची मला गरज वाटत नाही.

"अहो बाई, हा कुत्रा आहे की बोकड?" ते म्हणाले. "आता शेवंतीच्या कळ्या धरल्यात. त्या जर याने खाल्ल्या तर मी सोसायटीत तक्रार करीन. सांगून ठेवतो."

मी काही बोलायच्या आत मागून माय म्हणाली, "बोकड!" आणि खो खो हसली. रावसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला त्यांची चेष्टा करायची नव्हती रे, तिला शब्द आवडला होता. दिवसभर टायगरला बोकड म्हणत होती.

यंदा मायनं आपल्या गावाकडच्या, परभणीच्या बियाण्याचे भुईमूग लावून घेतले, मागच्या कोपऱ्यात. खुणेनं सांगून, मावशीशी भांडून. टायगर उकरतो, शेंग दाढेखाली फोडतो, टरफल थुंकतो. माय शेजारी बसून उरलेल्या फोडते. डाव्या हातानं. पहिली मूठ तिनं त्याच्यापुढे ठेवली. मायनं! तिनं दिलेलं पहिलं खाणं ते. मी दारात उभी होते, आत गेले.

काळजी घे.

ताई

*

नेरुळ
१६ डिसेंबर १९८४

प्रिय भगवान,

हे पत्र जपून वाच. शेवट चांगला आहे, हे आधीच सांगते.

भोपाळची बातमी तुलाही कळली असेल. इथं त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. ठाणे-बेलापूर रोडला एवढ्या कंपन्या, वारा कुठून वाहतो इथपर्यंत लोक बोलतात. मी पेपर वाचून दाखवत होते, तर मायनं तो माझ्या हातातून घेतला आणि तुर्भ्याच्या बाजूला बघत बसली. मग म्हणाली, "बा... खोकला." आणि मग म्हणाली, "त्याला बी?"

तू सांगू नको म्हणाला होतास. मी सांगितलं नाही. नुसती हो म्हणून मान हलवली.

त्यानंतर आठवड्यानं हे झालं.

सकाळी मी निघून गेल्यावर रावसाहेबांनी शेवंतीवर मावा पडला म्हणून औषध मारलं. त्यांनी जाळीतून मायला सांगितलं, "आजी, आज कुत्रा बांधून ठेवा हं, फुलांवर विष आहे." मायला कळलं. ती टायगरकडे बोट दाखवून मावशीला सांगायला लागली. 'बांध' हा शब्द तिला सापडेना. "दोरी, दोरी," म्हणत राहिली. मावशीला वाटलं, रोजच्यासारखी दोरी सोड म्हणतेय. तिनं सोडली, मायला पाणी दिलं आणि शिरवण्याला जेवायला गेली. बिचारीला काय माहीत.

टायगर खड्ड्यातून गेला आणि कळ्या खाऊन परत आला. थोड्या वेळानं मायच्या बाजेपाशीच पडला. तोंडाला फेस, पाय ताणलेले, सगळं अंग थरथरतंय. घरात कोणी नाही. आळीतली माणसं कामावर.

पुढचं मला रावसाहेबांनी सांगितलं. ते जेवायला बसत होते. दारावर थाप नाही, धडका बसायला लागल्या. उघडलं तर माय. काठी नाही, भिंत नाही. घराबाहेर तिला अजून कोणीतरी धरावं लागतं. ती आमच्या फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून, त्यांच्या पायऱ्या चढून आली होती. पायात चप्पल नव्हती. कोपर फुटलेलं, म्हणजे वाटेत पडली असणार. आणि ती ओरडत होती,

"भगवान! माझा भगवान मरायलाय! धावा, माझा भगवान मरायलाय!"

रावसाहेबांना तुझं नाव आळीतल्या पेपरवाल्याच्या बोलण्यातून माहीत होतं. त्यांना वाटलं, मुलगा घरी आलाय आणि त्याला काहीतरी झालंय. खरकट्या हातानं धावले. आमचा उंबरा ओलांडून, घरातून, मागच्या अंगणात. बघतात तर टायगर. आणि त्याच्या तोंडातून त्यांच्याच शेवंतीची पाकळी लोंबतेय.

ते मला सांगताना म्हणाले, "बाई, क्षणभर मला वाटलं, कुत्राच आहे, जाऊ दे. मग मागं वळून म्हातारीकडे बघितलं. ती अजून तेच नाव घेत होती. मी माझ्या आयुष्यात कुणाला अशी हाक मारताना ऐकलेलं नाही."

त्यांनी टायगरला उचललं, स्कूटरवर पायापाशी ठेवलं, दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पोट धुतलं. रावसाहेब तिथंच बाकावर बसून राहिले. मी घरी आले तेव्हा मावशी दारात छाती बडवत होती, "माजे हातानं सोरला गो त्याला!" आणि माय तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दिवेलागणीला स्कूटर आली. टायगर मान खाली घालून, पण शुद्धीवर. रावसाहेबांनी त्याला बाजेखाली ठेवला. मी म्हटलं, चहा घ्या. ते बसले. माझ्या हातची कपबशी घेतली, दोन वेळा चहा घेतला. म्हणाले, "मावा पडला तर पडू दे. औषध आता नाही." मग मायसमोर हात जोडले. मायनं डाव्या हातानं त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि कपात आणखी चहा ओतायची मला खूण केली.

ते गेल्यावर मी तिच्या कोपराला हळद लावली आणि विचारलं, "माय, टायगर म्हणायचं होतं ना तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. कुठला तरी शब्द शोधताना तिचे डोळे जसे वर जातात, तसे गेले नाहीत. म्हणाली, "भगवानच."

डॉक्टर म्हणतील, शब्द घसरला. असेल. मी त्यांना विचारणार नाही.

तुला बोलाव, असं तिनं सांगितलेलं नाही. मी सांगतेय. ये.

तुझी,
ताई

*

नेरुळ
३ मार्च १९८५

प्रिय भगवान,

पोचल्याचं कार्ड मिळालं. बोअरवेलची गाडी आता बागलकोटकडे जाणार, असं लिहिलंस, म्हणून हे घाईनं टाकतेय.

तू इथं होतास तेवढे दिवस तुम्हा दोघांत बोलणं असं झालंच नाही, आणि तुला ते लागलं असेल. निघताना तुझा चेहरा मी बघितला. माय माफ केलं म्हणाली नाही, तू चुकलो म्हणाला नाहीस. तू जाळीखालचा खड्डा बुजवलास, रावसाहेबांनी तो पुन्हा थोडा मोकळा करून दिला, टायगरनं तुला ओळखून तुझ्या अंगावर पाय टाकले आणि लगेच टोमॅटोकडे गेला. माय बाजेवर बसून तुझ्याकडे बघत होती. एवढंच.

पण तुला दिसलं नाही ते मी बघितलंय. तू झोपलास की ती खुर्ची ओढून तुझ्या छातीशी कान देऊन बसायची. दुसऱ्या दिवशी मी चहा गाळत असताना मला म्हणाली, "खोकत नाही." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं झालं. जागा सोडली." मग पदरानं डोळे पुसले आणि चहात साखर कमी म्हणून ओरडली.

हे ती तुला कधी सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

मला तुझे, टायगरचे, गोजरा मावशीचे, रावसाहेबांचे, सगळ्यांचे आभार मानायचे आहेत आणि ते नीट जमत नाही. दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते, तेव्हा मला वाटत होतं की या जगात मी आणि एक मुकी माय, एवढंच उरलंय. आता संध्याकाळी घरी येते तर माझ्या अंगणात एवढी माणसं असतात की मला बसायला जागा नसते. रावसाहेब जाळीतून मायला पेपर वाचून दाखवतात, आणि चुकीच्या जागी ती हसली की त्यांना राग येतो.

आता खरं सांगायचं ते. हे काल झालं.

मी आत पीठ मळत होते. बाहेर मावशी मेथी निवडत होती. शिरवण्यातली तिची एक नवी ओळखीची बाई बरोबर आली होती. त्या बाईनं मायला विचारलं, "आजे, तुजा पोऱ्या काय काम करतं गो?"

मी मळायची थांबले. मायला माणसांपुढं बोलायला लागलं की शब्द हमखास पळतात. मावशीही उत्तर द्यायला तोंड उघडत होती. पण मायनं हात वर करून तिला थांबवलं. आणि मग ती बोलली, सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा, आणि त्यातला एकही चुकला नाही.

"माझा लेक लोकाच्या गावाला पाणी काढून देतो."

तुझी,
ताई